मनी प्लांट लावलाय? बाटलीतलं पाणी, कुंडीतली काळी माती अन् दारातली शेळी, तिन्हींकडं लक्ष ठेवा

लातूर / नांदेड : औसा असो, उदगीर असो नाहीतर तिकडं मुखेड-देगलूर, हल्ली बहुतेक घरांत एक तरी मनी प्लांट सापडतोच. कुठं टीव्हीच्या शेजारी काचेच्या बाटलीत, कुठं जिन्याच्या कठड्यावरून लोंबलेला, तर कुठं किराणा दुकानाच्या गल्ल्यावर. फुकटात मिळतो, एका कांडीवर येतो, फारशी देखभाल मागत नाही. म्हणून लोक लावतात आणि विसरून जातात. गडबड होते ती तिथंच. पानं पिवळी पडली की "आपल्या हाताला झाड लागत नाही" म्हणून मोकळे होतात, आणि बाटलीत डासांच्या अळ्या झाल्या तरी ते पाणी महिनाभर तसंच राहतं.

या वेलाचं शास्त्रीय नाव एपिप्रेम्नम ऑरियम. मूळचा तो प्रशांत महासागरातल्या फ्रेंच पॉलिनेशियातला, मोओरेआ नावाच्या एका लहानशा बेटावरचा. तिथली हवा बारा महिने दमट. त्या हवेतला वेल आपल्या मराठवाड्याच्या कोरड्या हवेत, बोअरच्या जड पाण्यावर आणि मे महिन्यातल्या झळांत तग धरतो, ही त्याची खरी ताकद. पानाचा आकार खाऊच्या पानासारखा असला तरी नागवेलीशी त्याचं काही नातं नाही. तो अळू आणि सुरणाच्या कुळातला. हे लक्षात ठेवावं, कारण खाली शेळीची अन् लेकराबाळांची गोष्ट येईल तेव्हा हेच कामाला येणार आहे.

बाटलीतला वेल आणि डेंग्यूचा डास

आपल्याकडं मनी प्लांट कुंडीपेक्षा बाटलीतच जास्त दिसतो. माती नको, सांडलवंड नको. पण साचलेलं, स्वच्छ, सावलीतलं पाणी म्हणजे डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची आवडती जागा. हा डास गटारीत अंडी घालत नाही. त्याला घरातलं निर्मळ पाणी लागतं आणि तो चावतो तोही दिवसा. आरोग्य विभागाचे कर्मचारी आणि आशाताई कंटेनर सर्वेक्षणाला येतात तेव्हा रांजण, टाकी, कूलर, फ्रीजच्या मागचा ट्रे बघतात. त्यांनी मनी प्लांटच्या बाटलीत बॅटरी मारून बघितली की काही घरांत लोकांना राग येतो. राग येण्यासारखं त्यात काही नाही, ते बरोबर जागी बघत असतात.

अंड्यातून अळी, अळीचा कोष आणि कोषातून उडणारा डास, हा सगळा प्रवास उन्हाळ्या-पावसाळ्यात साधारण ७ ते १० दिवसांत होतो. म्हणजे आठवड्यातून एकदा पाणी पूर्ण ओतून दिलं तर डास उडायच्या आधीच साखळी तुटते. आठवड्याचा 'कोरडा दिवस' पाळा असं सांगतात, त्यामागं हेच गणित आहे. पण नुसतं पाणी बदलून भागत नाही. ही मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला चिकटवते. ती अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी लागलं की फुटतात. म्हणून बाटली आतून घासायला पाहिजे. निमुळत्या तोंडाच्या बाटलीत हात जात नसेल तर मूठभर जाडी वाळू आणि थोडं पाणी घालून खळखळ हलवावं. मुळंही हलक्या हातानं नळाखाली धुवावीत, कारण अळ्या मुळांच्या जाळीत दडून बसतात.

बाटलीचं तोंड वेलाभोवती कापसाच्या बोळ्यानं किंवा पातळ फडक्यानं बंद केलं तर डास आत जात नाही. ही साधी गोष्ट फार थोड्या घरांत दिसते. बाटली पांढऱ्या काचेची असेल तर उजेडामुळं आत हिरवं शेवाळ धरतं. तपकिरी किंवा हिरव्या रंगाची बाटली घेतली, किंवा साध्या बाटलीला बाहेरून कागद गुंडाळला, तर शेवाळ कमी होतं.

आपल्या भागात एक अडचण जास्तीची आहे. बऱ्याच गावांत आणि शहरांतही नळ रोज येत नाही, आठ-आठ दिवस वाट बघावी लागते. त्यामुळं प्रत्येक घरात टाकी, ड्रम, हंडे भरलेले असतात आणि डासाला मोकळं रान मिळतं. खरा धोका त्या ड्रमांचा, बाटली त्यामानानं छोटी. पण ड्रम झाकून ठेवणारं घर बाटली मात्र विसरतं. जिथं दर आठवड्याला पाणी बदलणं जमणारच नाही, तिथं वेल सरळ मातीत लावावा. मातीतला वेल जोमदार राहतो आणि दर आठवड्याला बाटली घासायचं काम उरत नाही. फक्त कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये.

पाण्यातून मातीत नेताना मुळं दोन-तीन इंच झाली की लगेच न्यावं. वर्षभर पाण्यात राहिलेली मुळं नाजूक असतात, त्यांना मातीची सवय नसते. मातीत लावल्यावर पहिले पंधरा दिवस ओल टिकवून ठेवायची, मग हळूहळू नेहमीच्या पाण्यावर आणायचं. या दिवसांत एखादं पान गळालं तर घाबरायचं कारण नाही.

काळी माती शेतात सोन्याची, कुंडीत नाही

शेतकऱ्याच्या घरात कुंडी भरायची म्हटलं की पहिल्यांदा आठवते ती रानातली काळी माती. कापूस, सोयाबीन, हरभऱ्याला ती चांगली, यात वाद नाही. पण कुंडीत ही माती दगा देते. काळ्या मातीत चिकणमातीचा अंश जास्त असतो. ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते. रानात उन्हाळ्यात भेगा पडतात तशाच कुंडीतही पडतात. माती कडेपासून सुटते, पाणी घातलं की कडेच्या फटीतून सरळ खाली निघून जातं आणि मधला गड्डा कोरडाच राहतो. उलट पावसाळ्यात ती चिखल होऊन बसते, मुळांना हवा मिळत नाही आणि मुळं सडतात. मनी प्लांटची मुळं निसर्गात झाडाच्या सालीला धरून, मोकळ्या हवेत वाढणारी. त्यांना घट्ट चिखल सोसत नाही.

मग काय भरावं? काळी माती घ्यायचीच असेल तर चौथा हिस्सा, त्यापेक्षा जास्त नको. बाकी लाल माती किंवा चाळलेला मुरूम, जाडी वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. घरी सोयाबीनचा भुसा असतोच. तो कुजलेला असेल तर मूठ-दोन मुठी मिसळल्यानं माती भुसभुशीत राहते. कच्चा भुसा किंवा ताजं शेण मात्र घालू नये, ते कुंडीत कुजताना तापतं आणि मुळांना चटका बसतो. नारळाच्या शेंड्यांचा भुगा, ज्याला बाजारात कोकोपीट म्हणतात, तो मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तरी अडत नाही.

कुंडीसाठी नर्सरीत जायची गरज नाही. तेलाचा डबा, रंगाची धुतलेली बादली चालते. पण बुडाला चार-पाच भोकं हवीतच. भोक नसलेल्या डब्यात लावलेला वेल पहिल्या पावसाळ्यात जातो, हे ठरलेलं. भोकावर खापराचा तुकडा ठेवावा म्हणजे माती वाहून जात नाही. पत्र्याचा डबा उन्हात ठेवला तर आतली मुळं भाजतात, म्हणून तो सावलीतच बरा.

पाणी किती, कधी आणि कोणतं

मनी प्लांट पाण्याअभावी मरतो त्यापेक्षा जास्त पाण्यानं मरतो. घरात कुणीतरी एक जण रोज तुळशीला पाणी घालतं आणि हात लागल्यासरशी मनी प्लांटलाही तांब्या रिकामा करतं. तुळस उन्हात असते, तिला ते पचतं. सावलीतल्या कुंडीत ते पाणी तसंच राहतं. नियम सोपा आहे. बोटाची दोन पेरं मातीत घालून बघायची. आत ओल लागली तर पाणी नको, कोरडं लागलं तर भोकातून थोडं पाणी बाहेर येईपर्यंत घालायचं. उन्हाळ्यात हे दोन-तीन दिवसांनी येईल, हिवाळ्यात आठ-दहा दिवसांनी. पावसाळ्यात हवेतच ओल असते, तेव्हा बोट घातल्याशिवाय पाणी घालूच नये.

पानं सांगतात, फक्त वाचता आली पाहिजेत. माती ओली असताना खालची पानं एकामागून एक पिवळी होऊन मऊ पडत असतील, तर पाणी जास्त झालंय. माती कोरडी असताना वेल मलूल होऊन पानं आत वळत असतील, तर पाणी कमी. पानाचं टोक आणि कडा तपकिरी होऊन कुरकुरीत झाल्या तर बहुतेक वेळा हवा कोरडी असते किंवा पाण्यात क्षार जास्त असतात. वर्षातून एखाद-दुसरं जुनं पान पिवळं होऊन गळतं, तो रोग नव्हे.

क्षाराचं बोलायलाच पाहिजे. आपल्याकडच्या बहुतेक बोअरचं पाणी जड. हंड्याला, बादलीला, नळाच्या तोटीला पांढरा थर धरतो तो सगळ्यांनी बघितलेला आहे. तसाच थर कुंडीच्या कडेला आणि मातीवर धरतो. सारखं तेच पाणी घातलं की मुळांभोवती क्षार साचतात आणि माती ओली असूनही मुळाला पाणी ओढता येत नाही. खारवटलेल्या रानात पीक पिवळं पडतं, तोच प्रकार. उपाय दोन. जून लागला की कुंड्या एकदा मोकळ्या पावसात ठेवाव्यात, चांगला धो-धो पाऊस दोन-तीनदा झाला की क्षार धुऊन जातात. आणि एसीचं ठिबकणारं पाणी साठवून वापरलं तरी चालतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. जारच्या प्लांटमधलं किंवा घरच्या आरओ यंत्रातलं वाया जाणारं पाणी "झाडाला घालू, वाया कशाला" म्हणून बरेच जण वापरतात. हेतू चांगला, पण त्यात मूळच्या पाण्यापेक्षाही जास्त क्षार असतात. ते फरशी पुसायला, भांडी विसळायला, संडासात वापरावं. कुंडीत रोज घालू नये.

पाण्याची किंमत लातूरकरांना वेगळी सांगायला नको. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्यानं भरलेली रेल्वे लातूरला आली होती, पहिल्या खेपेला दहा वॅगन आणि पाच लाख लिटर पाणी. त्या दिवसांत घरातली झाडं जगवावीत की नाही असाही प्रश्न लोकांना पडला होता. तशी वेळ पुन्हा आली तर मनी प्लांटचा वेल मुळापासून वीतभर ठेवून छाटून टाकावा. पानं कमी झाली की पाणीही कमी लागतं. भाज्या, डाळ, तांदूळ धुतलेलं पाणी, ज्यात मीठ किंवा साबण नाही, ते पुरतं. पाऊस आला की बुडख्यातून पुन्हा फुटवे येतात.

पत्र्याचं घर, माळवद आणि स्लॅब

पुस्तकात लिहिलेलं असतं की या वेलाला "मध्यम, थेट नसलेला उजेड" हवा. ते आपल्या घरांवर उतरवून बघितलं पाहिजे. जुन्या माळवदाच्या घरात थंडावा चांगला, पण आत उजेड कमी. तिथं आतल्या खोलीत ठेवलेला वेल मरत नाही, मात्र पानावरचे पिवळे शिंतोडे पुसट होत जातात, दोन पानांतलं अंतर वाढतं आणि वेल नुसता दोरीसारखा लांबतो. तो उजेड शोधत असतो. त्याला दाराजवळ किंवा ओसरीत आणावं.

पत्र्याच्या घरात उलटी अडचण. एप्रिल-मे महिन्यात दुपारी पत्रा तव्यासारखा तापतो आणि त्याची धग खाली येते. छताच्या आढ्याला लटकवलेली कुंडी दिसायला छान, पण त्या दिवसांत ती भाजून निघते. तेव्हा लटकती कुंडी खाली उतरवून जमिनीलगत, माठाच्या शेजारी ठेवावी. माठाजवळची हवा थोडी गार आणि ओलसर असते. कूलर चालू असेल तर त्याच खोलीत पण थेट झोतात नको. स्लॅबच्या घरात पूर्वेची किंवा उत्तरेची खिडकी सगळ्यात चांगली. सकाळचं कोवळं ऊन चालतं, दुपारी पश्चिमेकडून येणारं ऊन पानावर पांढरे-तपकिरी डाग पाडतं आणि ते डाग पुन्हा जात नाहीत.

नांदेड गोदाकाठी सखल भागात, लातूर बालाघाटच्या पठारावर. त्यामुळं नांदेडला उन्हाळा जास्त भाजतो आणि लातूरकडं हिवाळ्यातल्या रात्री जास्त गार असतात. पारा १५ अंशांच्या खाली गेला की हा वेल वाढायचा थांबतो, १० च्या आसपास पानं काळपट पडू शकतात. डिसेंबर-जानेवारीत अंगणातली कुंडी रात्री आत घ्यावी, खत बंद ठेवावं आणि नवीन कांड्या लावू नयेत.

कांडी कशी तोडायची

ऊस लावणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. बेण्याच्या कांडीला डोळा नसेल तर ती उगवत नाही, तसंच इथंही. मनी प्लांटच्या प्रत्येक पेरावर, पानाच्या देठासमोर, एक तपकिरी फुगवटा असतो. तेच मूळ फुटायचं ठिकाण. नुसतं पान देठासकट तोडून पाण्यात ठेवलं तर ते महिनाभर हिरवं राहील, कधी मुळंही धरेल, पण त्याचा वेल होणार नाही. पेराच्या खाली अर्धा-एक इंच सोडून धारदार ब्लेडनं किंवा कात्रीनं कापावं. दोन-तीन पेरांची कांडी पुरे. खालचं एक पेर पाण्यात किंवा मातीत आणि वरची पानं बाहेर. जून ते सप्टेंबर हा सगळ्यात चांगला काळ, पंधरा-वीस दिवसांत मुळं दिसू लागतात.

एकाच दोरीसारखा वेल लांब लांब जातोय आणि कुंडी मात्र बोडकी दिसतेय, अशी तक्रार बहुतेकांची असते. तुरीचा शेंडा खुडला की बाजूच्या फांद्या फुटतात, हे शेतात सगळे करतात. घरातल्या वेलाला मात्र कात्री लावायला जीव होत नाही. शेंडा वाढत असतो तोवर तो खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. शेंडा कापला की ते डोळे जागे होतात. पावसाळ्याच्या तोंडाला निर्धास्त छाटावं आणि कापलेल्या कांड्या त्याच कुंडीत कडेनं खोचाव्यात, दोन महिन्यांत कुंडी भरते.

आणखी एक गंमत. हाच वेल आंब्याच्या किंवा कडुनिंबाच्या खोडावर चढला की त्याची पानं हळूहळू सुपाएवढी होतात, कडेला चिरतात, आणि लोकांना वाटतं हे दुसरंच झाड. झाड तेच. वर चढताना मुळांना आधार मिळाला की पानं मोठी होतात, खाली लोंबत राहिला की लहान होत जातात. घरात मोठी पानं हवी असतील तर पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर बारदाना किंवा काथ्याची दोरी घट्ट गुंडाळून तो कुंडीत मधोमध रोवावा आणि बारदाना ओला ठेवावा. हवेतली मुळं त्याला धरतात. बाजारात मॉस स्टिक म्हणून जी विकतात ती याच्यापेक्षा फार वेगळी नसते.

शेळी, लेकरू आणि गुळवेल

आता महत्त्वाचं. छाटलेला वेल हिरवागार दिसतो म्हणून शेळीपुढं टाकू नये. अळूच्या कच्च्या पानानं जीभ आणि घसा खाजतो, तो त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या बारीक स्फटिकांमुळं. मनी प्लांट त्याच कुळातला आणि त्याच्याही पानात-देठात तेच स्फटिक. अळू आपण चिंच घालून, शिजवून खातो. मनी प्लांट कुठल्याच प्रकारे खायचा नाही. जनावरानं खाल्ला तर तोंडाची आग होते, लाळ गळते, चारा सोडतं. कुत्र्या-मांजरांनाही हाच त्रास होतो. असं दिसलं तर पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावं आणि काय खाल्लं ते सांगावं.

रांगतं लेकरू लोंबणारं पान ओढून तोंडात घालतं, ही रोजची शक्यता. तोंडात घातलंच तर उरलेला तुकडा काढून घ्यावा, ओल्या फडक्यानं तोंड आतून पुसावं, गार पाणी किंवा दूध थोडं थोडं पाजावं. उलटी करायला लावू नये. बहुतेक वेळा आग काही तासांत शांत होते. ओठ-जीभ सुजली, गिळता येईना किंवा श्वासाला त्रास वाटला तर घरगुती उपायात वेळ घालवू नये, प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावं किंवा १०८ ला फोन करावा. छाटणी करताना चीक हाताला लागला तर काहींना खाज सुटते. तो हात डोळ्याला लावायचा नाही, साबणानं धुवायचा.

दुसरी चूक गुळवेलीची. करोनाच्या काळापासून काढ्यासाठी गुळवेल तोडणारे वाढले. निंबावरची गुळवेल चांगली असं म्हणतात आणि निंबावर कधीकधी मनी प्लांटही चढलेला असतो. दोघांचं पान बदामाच्या आकाराचं. पण गुळवेलीचं पान पातळ, मऊ, देठापासून शिरा पंख्यासारख्या फाकलेल्या. तिच्या खोडावर राखाडी, खरबरीत, सुटणारी साल असते आणि वरून दोऱ्यासारखी बारीक मुळं खाली लोंबतात. मनी प्लांटचं खोड हिरवं, मांसल, पान जाड आणि मेण लावल्यासारखं चकचकीत, बहुतेक वेळा पिवळे शिंतोडे. चोळलं तर नागवेलीच्या पानासारखा तिखट वासही येत नाही. ओळख शंभर टक्के नसेल तर काढा करूच नये.

खत आणि कीड

घरी ठिबकातून सोडायला आणलेलं १९:१९:१९ असतंच. त्यातलं एक ग्रॅम एक लिटर पाण्यात, महिन्यातून एकदा, जून ते ऑक्टोबर. बस्स. तेही नसेल तर दोन मुठी गांडूळखत वर्षातून दोनदा. युरियाची चिमूट टाकायची सवय सोडावी. एकराचा हिशेब डोक्यात असणाऱ्याला चिमूट म्हणजे काहीच वाटत नाही, पण कुंडीत मुठभर मुळांना ती फार होते.

कीड आली तर बहुतेक दोनच. पेराच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण, कापूस लावणाऱ्यांच्या ओळखीचा. उन्हाळ्यात पानाच्या मागं बारीक जाळी आणि पानावर फिकट ठिपके दिसले तर लाल कोळी. साबणाच्या पाण्यात फडकं भिजवून पानं दोन्ही बाजूंनी पुसावीत, पिठ्या ढेकूण काडीनं काढावा. गरज पडली तर लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण मिसळून संध्याकाळी अंगणात फवारावं. शेतातलं कीटकनाशक उरलंय म्हणून घरातल्या झाडावर मारायचं नाही. जिथं लेकरं झोपतात, स्वयंपाक होतो, तिथं ते औषध येताच कामा नये.

हवा शुद्ध होते का, पैसा येतो का

नर्सरीवाले हे झाड "ऑक्सिजन प्लांट" म्हणून विकतात. त्याचं मूळ १९८९ मधल्या नासाच्या अभ्यासात आहे. त्यात मनी प्लांटसह काही झाडांनी हवेतले अपायकारक वायू कमी केल्याचं दिसलं होतं. पण तो प्रयोग बंद पेटीत होता. घराला दारं-खिडक्या असतात. २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला तेव्हा निघालं की खेळत्या हवेइतका परिणाम हवा असेल तर दर चौरस मीटरला कमीत कमी १० झाडं, आणि काही झाडांच्या बाबतीत हजारपर्यंत लागतील. दहा बाय दहाच्या खोलीत कमीत कमी नव्वदच्या वर कुंड्या झाल्या, मग माणसं ओसरीत. चुलीचा धूर घालवायचा असेल तर खिडकी उघडावी, धुराडं बसवावं.

पैशाचं म्हणाल तर चोरून आणलेला वेलच लाभतो असं आपल्याकडं सर्रास बोललं जातं. शेजाऱ्याला ते ठाऊक असतं आणि तोही दुर्लक्ष करतो. ज्याची श्रद्धा त्याच्यापाशी, पण चोरीच्या घाईत तोडलेल्या कांडीला बऱ्याचदा पेरच नसतं. मागून घेतली तर नीट कापून मिळते.

घरातल्या मनी प्लांटला फूल आलेलं कुणी बघितलंय का? नसणारच. या वेलाला आपसूक फूल आल्याची शेवटची नोंद १९६४ ची सांगतात. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याचं कारण शोधलं, फूल येण्यासाठी लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक तयार करणारं जनुक या वेलात नीट काम करत नाही. म्हणजे फूल नाही, बी नाही. जगभरातल्या घरांत जो वेल आहे तो असाच कांडीवरून कांडी पसरलेला आहे.

बी नसूनही तो पसरतो, हे छाटणी उकिरड्यावर फेकताना ध्यानात घ्यावं. श्रीलंका, हवाई, फ्लोरिडा अशा दमट भागात बागेतून सुटलेल्या या वेलानं जंगलातली झाडं झाकून टाकली आहेत. आपल्याकडं उन्हाळा त्याला आवरतो, पण कालव्याच्या कडेला, विहिरीच्या ओलीत, किनवट-माहूरकडच्या ओढ्यांत सावली आणि ओल दोन्ही असतात. गाजर गवतानं काय केलं ते रानोरान दिसतंच आहे. छाटलेल्या कांड्या चार-पाच दिवस कडक उन्हात पत्र्यावर वाळवाव्यात, पेरं काळी पडून मोडायला लागली की मगच खताच्या खड्ड्यात टाकाव्यात.